साखरेचा केक

शेफ योहान गेल्याचं कळलं तसा धनंजय सकाळीच वादी कबीर भागातल्या त्यांच्या घरी पोचला. शेफ म्हणजे त्याचा गुरूच. गुहागरहून आखातात आलेल्या आणि पावापलीकडे काही न भाजलेल्या या माणसाला त्या जर्मन म्हाताऱ्यानं ब्लॅक फॉरेस्ट शिकवला, सफरचंदाचा स्ट्रूडल शिकवला, आणि चिमूटभर मीठ विसरला म्हणून अख्खा ट्रे कचऱ्यातही टाकायला लावला. अठरा वर्षं दोघं एकाच ओव्हनसमोर भाजून निघाले होते.

शेफची बायको, उर्सुला मॅडम, कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "उद्या दफनानंतर लोक इथे कॉफीला येतील. योहानच्या गावात अशा वेळी बटर-साखरेचा साधा केक करतात. मरणाच्या घरी तोच. तो तू कर. त्यानं कुठे लिहून ठेवला नाही, पण तू खाल्लायस. इथे त्यानं तो एकदाच केला होता, तुझे वडील गेले तेव्हा."

धनंजयनं तो केक खाल्लाच नव्हता.

ते कोरोनाचं वर्ष होतं. विमानं बंद. वडिलांचा अंत्यविधी त्यानं रुसैल भागातल्या आपल्या खोलीत बसून मोबाइलवर पाहिला. संध्याकाळी शेफ ट्रे घेऊन दारात उभे. तेराव्याच्या आत गोडाला हात लावायचा नाही हे गुहागरचं शेंबडं पोरही सांगेल, आणि हा माणूस केक घेऊन आलाय! धनंजयला असा संताप आला की काय सांगावं. त्यानं मुकाट्यानं ट्रे घेतला आणि खोलीत सोबत राहणाऱ्या इक्बालपुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी शेफनी विचारलं, "खाल्लास?" तो म्हणाला, "हो शेफ, छान होता." त्यानंतर मात्र तो त्यांच्या घरी कॉफीला कधी गेला नाही. गोऱ्याला काय कळतंय दुःख, असं त्यानं सहा वर्षं मनात धरून ठेवलं.

आता खरं सांगायचं धाडस होईना. त्यानं आता इब्री गावात दुकान टाकलेल्या इक्बालला फोन लावला.

"आठवतो रे!" इक्बाल म्हणाला. "वर बोटानं पाडलेले खड्डे, त्यात बटर. बदामाचे काप. साखर वरून कुरकुरीत, खाली एकदम मऊ. अल्ला माफ करो, तू रडत होतास आणि मी खात होतो."

त्या वर्णनावरून धनंजयनं केक केला. यीस्टचं पीठ दोनदा फुगवलं, बोटांनी खड्डे पाडले. साखर पेरताना मात्र हात अडखळला. मरणाच्या घरी साखर! तरी त्यानं मूठ उघडली.

दुसऱ्या दिवशी दफन उरकून मंडळी घरी आली. मॅडमनी पहिला तुकडा कापून त्याच्या हातात दिला. "त्याच्यासारखा झालाय का, ते तूच सांगू शकतोस."

हो म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता. पण ज्या माणसाशी खोटं बोललो त्याला आत्ताच माती देऊन आलो, हे त्याला गिळवेना.

"मॅडम, मी खाल्ला नव्हता. आमच्यात अशा वेळी गोड खात नाहीत. मला वाटलं, शेफना माझ्या दुःखाची कदरच नाही. मी खोटं बोललो."

मॅडमनी सुरी खाली ठेवली.

"त्या दिवशी ट्रे देऊन आल्यावर योहान या खुर्चीत बसून रडला होता," त्या म्हणाल्या. "आईच्या वेळी त्यालाही गावी जाता आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, धनंजयनं खाल्ला. त्या रात्री शांत झोपला."

धनंजयची मान खाली गेली. मॅडमनी आणखी एक तुकडा कापला आणि त्याच्या बशीत ठेवला.

"आधी वडिलांचा खा," त्या म्हणाल्या. "मग योहानचा."

भरल्या घरात, सगळ्यांसमोर, धनंजय दोन्ही तुकडे रडत रडत खाऊ लागला.