बाजूने जायचं

मास्तरीणबाईंनी उभ्या जन्मात शाळेत एक तास शिकवला नव्हता. त्यांचं दुकान सायकल दुरुस्तीचं, वस्तीच्या शेवटच्या दिव्याच्या खांबाला लागून, आणि दुकानाच्या पायरीपासूनच शेतातला रस्ता सुरू व्हायचा. अकरा किलोमीटर, तळहातासारखा सपाट. एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला गहू नाहीतर मका. चढ नाही, उतार नाही आणि सावली औषधालाही नाही. कुणाला नव्याने सायकल शिकायची असो, की एकदा आपटल्यावर पुन्हा धीर गोळा करायचा असो, माणूस इथे यायचा आणि बाई त्याला या रस्त्यावर काढायच्या. शिकवताना त्या मोठमोठ्या बाप्यांनाही असं काही दरडावायच्या की मास्तरीणबाई हे नाव पडलं ते पडलंच.

त्यांचे नियम ढीगभर होते, पण एक त्या रोज घोकून घ्यायच्या. रस्त्यात आडवं काही पडलेलं दिसलं, दोरी असो, फांदी असो, पाईप असो, त्याच्यावरून जायचं नाही. ते काय आहे आणि त्यात काय लपलंय हे आपल्याला ठाऊक नसतं. वेग कमी करायचा आणि बाजूने जायचं. हा नियम मोडणाऱ्याचं पंक्चर त्या काढून द्यायच्या, पण पंक्चर निघेपर्यंत असं काही ऐकवायच्या की माणूस दुसऱ्यांदा चुकायचा नाही.

त्या स्वतः रोज सकाळी दुकान उघडण्याआधी याच रस्त्याने जायच्या. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांची थोरली बहीण राहायची. तिची एक बाजू लुळी पडली होती, बोलणं तुटक झालं होतं, पण कान शाबूत होते. खिडकीशी बसून ती घंटीची वाट बघायची आणि घंटी ऐकली की चांगला हात वर करायची. हमरस्त्याने तिच्याकडे जाता आलं असतं, पण तो तेवीस किलोमीटर आणि त्यावर मालट्रकची रांग. बाईंना एका डोळ्याने जेमतेम दिसायचं. त्या रस्त्यावर सायकल घालणं म्हणजे आपल्याच हाताने आपला फोटो भिंतीवर टांगणं, असं त्या म्हणायच्या. तेव्हा शेतातला रस्ता होता म्हणून ताई होती.

एका सोमवारी रस्ते खात्याची गाडी आली. दोघांनी रस्त्यावर काळी रबरी नळी आडवी ठोकली, तिचं टोक लोखंडी डब्यात घातलं, डब्याला कुलूप लावलं आणि कुणाला काही न सांगता निघून गेले. नळी डांबराच्या कडेपर्यंत पोचली नव्हती, वीतभर जागा उरली होती. दोन आठवड्यांनी येऊन त्यांनी ती काढूनही नेली. महिनाभराने दुकानाशेजारच्या खांबावर कागद चिकटला. सदर रस्ता वापरात नसल्याने बंद करण्यात येत असून त्याची जमीन लगतच्या शेतमळ्याच्या मालकाकडे सोपवण्यात येईल.

बाई हातावरचं ग्रीस न पुसताच खात्याच्या कचेरीत गेल्या. अभियंता तरुण होता, मऊ बोलणारा. त्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि फाईल उघडून दाखवली. चौदा दिवसांत नळीवरून नऊ वाहनं गेली होती, आणि चाकांच्या अंतरावरून ती सगळीच्या सगळी ट्रॅक्टर होती. सायकल एकही नाही. बाई म्हणाल्या, मी स्वतः रोज जाते-येते. शिवाय दाताची डॉक्टरीण जाते, बेकरीवाला जातो, रविवारी तर पंधरा-वीस जणांचा घोळका असतो. अभियंता म्हणाला, असेलही, पण नळीवरून चाक गेलं की आकडा वाढतोच, त्यात चूक होत नाही.

तेव्हा बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि तोंडचं पाणी पळालं. नळी आडवी पडली होती. सगळे बाजूने गेले होते. त्या स्वतःसुद्धा, रोज, न चुकता, त्या वीतभर जागेतून. एरवी हात दाखवून वळा म्हणून घसा कोरडा केला तरी न ऐकणाऱ्या या मंडळींनी नेमका हाच नियम एकजात पाळला होता.

त्यांनी अभियंत्याला सगळं खरं सांगितलं. त्याने ओठांवर आलेलं हसू फाईलमागे घातलं आणि पुन्हा गंभीर झाला. फेरमोजणीची तरतूद नव्हती. आता रस्ता सहा महिने अडवायचा, कुणी येतं-जातं का यावर कॅमेरा ठेवायचा आणि मग जमीन सोपवायची, असा क्रम होता.

"आणि कोणी येत-जात असेल तर?" बाईंनी विचारलं.

"तर फाईल पुन्हा उघडावी लागते. पण बंद रस्त्यावर कोण जाणार, बाई? दंड आहे त्याला. आणि तोंडी सांगून उपयोग नाही. रस्ता वापरात आहे असा कागद लागतो, सही-शिक्क्याचा."

घरी येताना बाईंना स्वतःचाच इतका राग आला की डोळे भरून आले. आपल्याच जिभेने आपण ताईची वाट बुजवली, हे त्यांना सहन होईना. मुलाने समजूत घातली. आता वय झालं, सायकल पुरे, दर रविवारी मी तुला गाडीने मावशीकडे सोडत जाईन, असं तो मनापासून म्हणाला.

"आणि बाकीचे सहा दिवस ताईने काय करायचं?" बाईंनी विचारलं. मुलगा काही बोलायच्या आत बाई उठून कपाटात खोक्याचा पुठ्ठा शोधायला लागल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी आडकाठी उभी राहिली. लालपांढरी, कमरेइतकी उंच, मध्यभागी भली मोठी पाटी आणि शेजारच्या खांबावर कॅमेरा. लावणाऱ्यांनी काम चोख केलं होतं, फक्त कडेला दीडेक हात जागा सोडली होती. ट्रॅक्टर काही तिथून जाणार नव्हता, आणि सायकलीचा विचार कुणी केलाच नव्हता.

सकाळी दुकानापुढे बारा जण जमले. बाईंनी प्रत्येकाच्या हँडलला एक पुठ्ठा बांधला. त्यावर जाड अक्षरात नाव आणि पत्ता. बेकरीवाला कुरकुरला. दंड बसेल, घरी बायको काय म्हणेल, असं त्याचं म्हणणं पडलं. ज्याला भीती वाटते त्याने घरी जावं, मी रागावणार नाही, असं बाई म्हणाल्या. हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की बेकरीवाला जास्तच घाबरला आणि जागचा हलला नाही.

बाई सगळ्यात पुढे होत्या. आडकाठीपाशी आल्यावर त्यांनी वेग कमी केला आणि बाजूने गेल्या. मग पाय टेकून थांबल्या. डोक्यावरचं हेल्मेट काढलं, केस सारखे केले, पुठ्ठा सरळ केला आणि एखाद्या पासपोर्टच्या फोटोसाठी बसावं तशा कॅमेऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्यामागे डॉक्टरीण थांबली, मग बेकरीवाला, मग एकेक करून बाकीचे. कुणी हात हलवला तर बाई मागे वळून दटावायच्या. फोटो हलला तर पत्ता कसा वाचणार?

त्या दिवशी ताईने घंटी ऐकून हात वर केला आणि तेरा घंट्या एकदम वाजलेल्या ऐकून तो बराच वेळ वरच ठेवला.

हे रोज चाललं. रोज पुठ्ठा, रोज थांबणं, रोज चेहरा. तिसऱ्या आठवड्यात दंडाच्या नोटिसा यायला लागल्या. बेकरीवाल्याला एका दिवशी चार आल्या आणि तो हातपाय गाळून दुकानात आला. बाईंनी त्याची नोटीस घेतली, एकाच डोळ्याने ती दोनदा वाचली आणि सगळ्यांना निरोप पाठवला. एकही कागद फाडायचा नाही, सगळे माझ्याकडे आणून द्यायचे.

महिना संपल्यावर त्या कचेरीत गेल्या. या वेळी हात स्वच्छ धुतले होते. अभियंत्याच्या टेबलावर त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबने बांधलेला गठ्ठा ठेवला, वरचा कागद काढला आणि मोठ्याने वाचला.

"आपण सकाळी आठ वाजून चार मिनिटांनी सायकलवरून सदर रस्त्याचा वापर केल्याचे निदर्शनास आले आहे." त्यांनी कागद त्याच्याकडे वळवला. "दोनशे शहाऐंशी आहेत. दंडाचं आम्ही बघू. शिक्का खात्याचाच ना? आणि ही सही?"

अभियंता सहीकडे बघत राहिला. ती त्याचीच होती. त्याने गठ्ठ्यातले आणखी चार-पाच कागद उलटून पाहिले. मग ड्रॉवरमधून जुनी फाईल काढली, तिची नाडी सोडली आणि बाईंना बसायची विनंती केली, कारण आता जबाब नव्याने लिहून घ्यावा लागणार होता.

बाईंनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. आज त्यांना उशीर झाला होता, आणि ताई खिडकीशी बसली असणार होती. जबाबाला दुपारी येते म्हणून त्या उठल्या.

"आता त्याच रस्त्याने जाणार?" त्याने विचारलं.

"त्याच," बाई म्हणाल्या. "कॅमेरा चालू राहू द्या."