मशीनचा पट्टा

आमचे हे पहिल्यापासून घुमेच. "अँब्युलन्सवाल्याला बोलायला वेळ कुठे असतो?" म्हणायचे, हसायचे. साथ आली आणि ते हसणंही गेलं. रोज माणसं न्यायची, त्यातली कितीतरी घरी परतायचीच नाहीत. एका सकाळी गाडीची किल्ली हातात घेऊन हे दारातच थिजले. "मागच्या स्ट्रेचरवर मीच असायला हवा होतो," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांना क्षणभर एकटं सोडलं नाही.

ऑफिसने रजा दिली आणि दर मंगळवारी चार वाजता फोन करणारी एक मनाची डॉक्टरबाई दिली. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, बोलताना कोणी ऐकायला नको. आता एका खोलीत दोन माणसं, बाहेर पडायला बंदी, जायचं कुठे? मग हे बाथरूममध्ये उलट्या बादलीवर बसायचे आणि दाराशी मी शिलाई मशीन चालवायचे. मास्क शिवून संपले तर दोरा न घालता रिकामीच. "खडखडाटात मला ओ की ठो ऐकू येत नाही, बोला खुशाल!" स्वतःच्या अकलेचं काय कौतुक वाटायचं मला!

सहाव्या मंगळवारी मशीनचा पट्टा तुटला. आतला आवाज स्वच्छ ऐकू आला.

"झोप? छान लागते. जेवतो की. छे हो, मरायचे विचार कसले? मजेत आहे."

मजेत! चार दिवस भरलं ताट परत करणारा माणूस मजेत! माझं डोकंच फिरलं. दार ढकललं.

फोनवर हात ठेवून ह्यांनी विचारलं, "मशीन का थांबली?"

"पट्टा तुटला. आणि त्या बाईंना काय थापा मारताय?"

हे खाली बघत म्हणाले, "तू दाराशीच असतेस ना."

"अहो, पण मला ऐकू येत नाही!"

"मला तू ऐकू येतेस. मशीन वाजते म्हणजे तू आहेस. मग तसलं कसं बोलू?"

मी मास्क चढवला. "जिन्यात बसते."

"अगं, बंदी आहे."

"खड्ड्यात गेली बंदी."

बाहेरचं दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसले. पाय आपोआप हलत होते, मशीनवर असल्यासारखे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आत काहीच आवाज नाही. बाथरूमला आतून कडी आहे हे तेव्हा आठवलं. कुठून ही दुर्बुद्धी सुचली मला! उठले, बाहेरच्या दाराला कान लावला, हात त्याच्या कडीवर.

हे रडत होते. मोठ्याने, हुंदके देत. लग्नाच्या सतरा वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. "नाही हो बाई," म्हणत होते, "मजेत नाही मी. अजिबात नाही."

मी कडीवरचा हात काढला आणि परत पायरीवर येऊन बसले. मग मास्क दोन्ही हातांनी तोंडावर घट्ट दाबून मीही रडले, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.