बर्फातल्या सहा बाटल्या

माझी वीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात गेली. गारठ्यातलं मला कुणी शिकवू नये, असं मी चारचौघांत मिरवत आलोय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही खोटं नाही.

धाकट्या बहिणीच्या नाकातली बुरशी डोळ्यापर्यंत पोचली. बुरशीवरचं साधं औषध तिच्या मूत्रपिंडांना झेपणार नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी तेच औषध, पण चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत भरलेलं, लिहून दिलं. शहरात ते कुठेच मिळेना. तीन दिवस फोन करकरून सात तासांवरच्या एका दुकानात सहा बाटल्या सापडल्या. दुकानदाराने थंड ठेवा म्हणून दोनदा बजावलं. मला हसूच आलं. कुणाला सांगतोय हा?

कारखान्यातली थर्माकोलची पेटी घेऊनच गेलो होतो. खाली बर्फ, वर बर्फ आणि त्यावर मूठभर मीठ. मिठाने बर्फ आणखी गार होतो, हे आमच्या धंद्यातलं बाळकडू. परतीच्या वाटेवर दर तासाला पेटी चाचपायचो आणि स्वतःवरच खूश व्हायचो.

रुग्णालयातल्या औषधं देणाऱ्या बाईंनी पहिली बाटली उजेडात धरली. मग दुसरी. मग सगळ्या. आत दूध नासल्यासारख्या पिवळट गाठी होत्या.

"हे गोठलं होतं का?"

मी म्हणालो, आता वितळलंय की.

"फ्रीजमध्ये ठेवायचं असतं, बर्फात नाही. गोठलं की चरबीचे कण फुटतात. हे आता देता येणार नाही."

निदान एक तरी चालेल का, असं मी विचारत राहिलो. त्या बिचाऱ्या मान हलवत राहिल्या. दुकानदाराला फोन केला, तर त्याच्याकडचा साठा संपलेला. डॉक्टर म्हणाले, आता थांबलो तर बुरशी मेंदूत जाईल. मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली, पण त्याने तरी काय होणार होतं?

वर गेलो तर बहीण उशीला टेकून बसली होती, एका डोळ्यावर पट्टी.

"मिळालं, दादा?"

"मिळालं."

ती शेजारच्या खाटेवरच्या आजींना कौतुकाने सांगू लागली, की आमच्या दादाच्या हातून कधी काही नासत नाही. मग माझ्याकडे वळली.

"गार ठेवलंस ना रे नीट?"

मी हो म्हणालो. तिचा डोळा काढायच्या कागदावर मी खालीच सही करून आलो होतो.