घोकलेला धीर

उचगावचा प्रसेनजीत कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, म्हणून काम करायचा. रुग्णांचा जीव की प्राण! पण परदेशातल्या नोकरीची मुलाखत इंग्रजीतून द्यायची, म्हणून ड्यूटी संपली की तो शाहूपुरीत संयोगिता मॅडमच्या क्लासला जाई. त्याने एक सोपी वाट शोधली होती. मोबाइलवरची तयार वाक्यं घोकायची आणि प्रसंग पडला की ठोकून द्यायची. आपल्यापैकी कितीतरी जण असंच शिकले आहेत.

एकदा महामार्गावरच्या अपघातात जखमी झालेला तमिळनाडूचा एक इंजिनिअर दाखल झाला. तो शुद्धीवर नव्हता, उजवा पाय चिरडला होता. त्याच्या बायकोला मराठी, हिंदी येत नव्हतं. तिने प्रसेनजीतला गाठून भरभर इंग्रजीत काहीतरी विचारलं. त्याला निम्मंही कळलं नाही. पण परत विचारायची लाज वाटली. तो हसून म्हणाला, "डोन्ट वरी मॅडम, एव्हरीथिंग विल बी फाइन."

तिने हात जोडले.

दुसऱ्या दिवशी चिरडलेल्या पायातलं विष अंगात पसरू लागलं. गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, नाहीतर जिवाला धोका आहे, असं डॉक्टरांनी तिला इंग्रजीत सांगितलं. ती संमती देईना. पाय वाचेल का, असं मी ब्रदरला विचारलं होतं, त्यांनी सगळं ठीक होईल असं सांगितलंय, हेच ती धरून बसली. हातात संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता.

दुपारी ड्यूटी संपताच प्रसेनजीत धावत मॅडमकडे गेला आणि त्याने घडलेलं सांगितलं.

"वाक्य तर बरोबर हुतं की, मॅडम."

"व्याकरणानं बरोबर हुतं. खरं हुतं काय?"

मॅडमनीच पुढे विचारलं,

"तिनं काय विचारलं, ते कळलं हुतं तुला?"

"न्हाय. पण परत सांगा म्हटलं असतं, तर ह्याला इंग्लिश येत न्हाय असं वाटलं असतं तिला."

"म्हंजे तिची भीती बघण्याऐवजी तू स्वतःची अब्रू जपलीस," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मराठीत तू आधी ऐकतोस. समजलं न्हाय तर विचारतोस. म्हाईत न्हाय ते न्हाय म्हणून सांगतोस. इंग्रजीत शिरताना हे सगळं चपलांसारखं दाराबाहेर का ठेवतोस?"

तो तसाच दवाखान्यात माघारी गेला. त्या बाईशेजारी बाकावर बसला आणि मोडकंतोडकं बोलू लागला. "सॉरी मॅडम. युवर क्वेश्चन, आय नॉट अंडरस्टँड. आय सेड फाइन. माय मिस्टेक. प्लीज आस्क अगेन. स्लो."

तिने रागाने तोंड फिरवलं. तो उठला नाही. बऱ्याच वेळाने तिने एकेक प्रश्न सावकाश विचारला. जे त्याला माहीत नव्हतं ते विचारायला त्याने डॉक्टरांना तिथेच बोलावून आणलं. उत्तर कळलं नाही तर तिच्यासमोरच पुन्हा विचारलं. शेवटी ती रडू लागली, तेव्हा त्याने कुठलंही वाक्य म्हटलं नाही. पाण्याचा ग्लास पुढे केला आणि बसून राहिला.

दिवेलागणीला तिने सही केली. पाय गेला, पण माणूस वाचला!

वाचकहो, इंग्रजी जरूर शिका. पण तोंड उघडण्याआधी समोरच्याचं मन ऐका आणि आपण बोलतोय ते खरं आहे का, हे स्वतःला विचारा. मोडकं वाक्य समोरचा माणूस सावरून घेतो. विचार न करता बोललेलं अचूक वाक्य मात्र तो खरं मानून बसतो.