नऊ नंबरची कुंडी

चाळीस वर्षं माळीकाम केलेल्या माणसाला तहानलेलं रोप बघवत नाही. आणि इथे त्याच्या लेकीनेच काचघरात चवळीच्या तीस वाणांच्या तीस कुंड्या मुद्दाम तहानलेल्या ठेवल्या होत्या! पाऊस दगा देतो तेव्हा कोणतं वाण तग धरतं, ते तिला शोधायचं होतं. चार वर्षं ती या शोधामागे हात धुऊन लागली होती.

लेकीने फारच गळ घातली की म्हातारा कधीमधी दुपारी तिचा डबा घेऊन यायचा. पाणी तोडल्याच्या तिसऱ्याच दिवशी कोपऱ्यातल्या नऊ नंबरच्या रोपाने मान टाकली. लेक हात धुवायला गेली तशी त्याने आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी त्याला पाजलं. फक्त आजच, असं स्वतःला बजावून. मग रोजच.

अठराव्या दिवशी दोनच रोपं ताठ उभी होती, चौदा आणि नऊ. लेकीच्या वरिष्ठ बाई पाहायला आल्या.

"दोन वाणं निघाली की! दोन्हींचं बियाणं वाढवायला घेऊ."

म्हाताऱ्याने नऊ नंबरकडे पाहिलं. बोलावं तर लेकीचे कष्ट मातीत. गप्प बसावं तर ते बियाणं कुणाच्या तरी शेतात जाऊन ऐन वेळी माना टाकणार. लेक तोंड उघडणार तोच तो बोलून गेला, "बाई, नऊ नंबरचं खोटं आहे. मी पाणी घालत होतो. हिला काही माहीत नाही."

लेकीने वही पुढे केली. नऊच्या ओळीवर रेघ होती, शेजारी पेन्सिलीने लिहिलेलं: 'बाबांची. निकालात धरू नये.' तारीख चौथ्या दिवसाची.

"रोज सकाळी प्रत्येक कुंडीचं वजन करते मी. बाकीच्या हलक्या होत गेल्या. ही बया मात्र रोज पेलाभर पिऊन बसलेली! चौदा खरी आहे, बाई."

बाई हसत चौदाचा आकडा टिपून गेल्या.

"मग मला रागावली का नाहीस?"

"रागावले असते तर दुसऱ्या दिवशी आला असतात?" तिने वही मिटली. "आई गेल्यापासून तुम्ही आपणहून घराबाहेर पाऊल टाकत नव्हतात, बाबा. या रोपासाठी तरी रोज यायला लागलात."

तो चष्मा पुसत राहिला.

"उद्या सगळ्यांना पाणी द्यायचंय," ती म्हणाली. "सुकलेल्यांतलं कोण पुन्हा उभं राहतं, तेही बघायचंय."

"झारी बारीक भोकांची घे," म्हातारा म्हणाला. "नाहीतर राहू दे, मीच घेऊन येतो."