मबखूतचा फिल्टर

“काका, तो चहाचा पेला आहे!” सालमीन ओरडला.

“होता. आता डिझेलचा आहे,” बॉनेटखालून मबखूत म्हणाला. फिल्टरच्या बुडाची चावी सैल करून त्यानं पेला निम्मा भरला आणि बंपरवर ठेवून दिला. “निवळू दे जरा. तू पेट्यांची तोंडं बांध. मधमाशा परतल्या सगळ्या.”

दिवस मावळतीला आला होता. सालमीन चिंध्यांचे बोळे घेऊन पेट्यांमागून पेट्या बंद करत सुटला. नव्वद पेट्या होत्या. वसंतात त्याचा बाप बखीत वारला आणि हा सगळा पसारा सव्वीस वर्षांच्या पोराच्या अंगावर पडला. बखीतचा मध म्हटलं की खरेदीदार झाकण उघडूनही न बघता विश्वासानं घेत. ते नाव आता सालमीनला सांभाळायचं होतं आणि त्याची ही पहिलीच खेप होती.

मबखूतच्या मालकीची एकही पेटी नव्हती. तीस वर्षं तो दुसऱ्यांच्या मधमाशा पिकअपमध्ये घालून किनाऱ्यावरून वर दोआनच्या खोऱ्यात, बोरींच्या फुलोऱ्याला नेऊन पोचवत होता. संध्याकाळी निघायचं आणि ऊन चढायच्या आत पेट्या उतरवायच्या. वाटेत गाडी बंद पडली तर उन्हानं आतलं मेण वितळतं आणि कोंडलेल्या माशा गुदमरतात. मबखूतची गाडी मात्र माशा लादलेल्या असताना आजवर एकदाही बंद पडली नव्हती. लोक त्याला बोलवत ते एवढ्या एका गोष्टीसाठी. त्याच्याहून नव्या गाड्या तर गावोगाव होत्या.

पेल्याच्या तळाशी पाण्याचा पातळ थर बसला. मबखूतनं मान हलवली आणि सीटखालून कापडात गुंडाळलेला नवा फिल्टर काढला.

“अहो, चार महिन्यांपूर्वीच बदललात ना?” सालमीन वैतागला. “गाडीच्या पुस्तकात वीस हजार किलोमीटर लिहिलंय. उशीर होईल आपल्याला.”

“पुस्तक लिहिणाऱ्यानं आपल्याकडचं पिंपातलं डिझेल पाहिलं नसणार. माझा नियम सोपा आहे. बोरी फुलायच्या आधी एकदा बदलायचा, आणि मधे कधी संशय आला की बदलायचा.”

“आणि संशय कधी येतो?”

“मला? रोज येतो. तुझ्या काकूला विचार.”

नवा फिल्टर बसला. जुना मबखूतनं त्याच कापडात बांधून सीटखाली सारला, कारण फेकणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

पण नशीब आडवं आलं. दोन नाक्यांवर बंदूकवाल्यांनी त्यांना तासन् तास रखडवलं. एरवी पहाटेला खोरं गाठणारा मबखूत त्या दिवशी पहाटेच्या नमाजेला अजून पठारावरच होता. तो चटई अंथरून उभा राहिला, तेव्हा आपणही काही हातभार लावावा म्हणून सालमीननं घरून आणलेला पिवळा कॅन टाकीत ओतला. “डिझेल घातलंय, काका,” त्यानं नंतर सांगितलं. मबखूतनं कौतुकानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

अर्ध्या तासानं चढावर इंजिन खोकलं. मबखूतनं गिअर बदलला. गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली. सूर्य वर आला होता आणि चाळीस किलोमीटर बाकी होते.

तीस वर्षांत हे प्रथमच घडत होतं.  तरी मबखूतनं घाई केली नाही. खाली उतरून बॉनेट उघडलं, फिल्टरची चावी सोडली आणि हातावर पडलं ते बोटांनी चोळलं. पाणी होतं. पण पाणी असं चिकटत नाही. त्यानं जिभेला टेकवून पाहिलं आणि थुंकला.

“त्या कॅनमध्ये आधी काय होतं?”

सालमीन कॅनचं झाकण चाचपू लागला.

“पोरा, पेट्या तापतायत. बोल.”

“साखरेचं पाणी,” सालमीन पुटपुटला. “उन्हाळ्यात कुठं फूल नव्हतं, काका. माशा उपाशी मरत होत्या. अब्बा असते तर त्यांनी कुठूनतरी हिरवळ शोधली असती, मला नाही सापडली. धुतला होता मी कॅन, पण तळाशी राहिलं असणार.”

“फक्त उन्हाळ्यात दिलीस?”

“अल्लाची शपथ. फुलोरा सुरू झाल्यावर थेंब नाही दिला.”

मबखूतनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. बखीतही खोटं बोलायचा नाही, आणि बोललाच तर कान लाल व्हायचे त्याचे. पोराचे डोळे रडवेले झाले होते, पण कान लाल नव्हते.

“ठीक. सगळं प्यायचं पाणी काढ. घोंगड्या भिजव आणि पेट्यांवर टाक.”

“आणि आपण काय प्यायचं?”

“आपण काय मधमाशा आहोत? तहान लागली तर तोंडानं सांगता येतं आपल्याला.”

अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस तापल्या खडीवर पाठ टेकून गाडीखाली शिरला. टाकीच्या बुडाचा नट सोडून त्यानं तळातलं सगळं वाहू दिलं. चिकट पाणी संपून निव्वळ डिझेल येईपर्यंत अंगठा धारेखाली धरून बसला. साखरेनं लडबडलेला नवा फिल्टर काढून जुना पुसून बसवला. मग फिल्टरच्या डोक्यावरचा पंप तळहातानं दाबू लागला, नळीतली हवा काढायला. पेट्यांमधली गुणगुण वाढत चालली होती, आणि ती ऐकून सालमीन पेट्यांकडे धावला.

“उघडू का तोंडं?”

“उघडलीस तर इथंच उडतील आणि इथंच हरवतील. थांब.”

तो दाबत राहिला. तळहाताचं कातडं सोललं, तसा त्यानं हात बदलला. असा माणूस काम करताना बघणं हेसुद्धा एक शिक्षण असतं, आणि सालमीन ते डोळे भरून घेत होता. शेवटी पंप दगडासारखा घट्ट झाला. किल्ली फिरवल्यावर इंजिन कण्हलं, अडखळलं आणि लागलं.

निघण्याआधी मबखूतनं पिवळ्या कॅनवर उभं राहून तो चपटा केला आणि कपारीत कोंबला.

खोऱ्यात पोचले तेव्हा बाकीचे मधवाले पेट्या मांडून सावलीला बसले होते. सगळे मदतीला धावले. एकेका पेटीला कान लावत मबखूत पुढे गेला. त्र्याऐंशी बोलल्या. सात गप्प होत्या, आणि त्यांच्या फटींतून वितळलेलं मेण ओघळत होतं.

“झालं काय?” म्हाताऱ्या फरजनं विचारलं. मधवाल्यांत त्याचा शब्द शेवटचा.

सालमीननं तोंड उघडलं. ‘साखर’ एवढा एकच शब्द त्या माणसांच्या कानावर पडला असता, तर कुठल्या महिन्यात दिली हे कुणी विचारलं नसतं. बखीतचा मध भेसळीचा ठरून त्या दिवशीच मेला असता.

“फिल्टर,” मबखूत आधीच बोलून गेला. “बदलायला झाला होता. मी आळस केला.”

“तू? आळस?”

“वय झालं, फरज.”

फरजनं ओघळलेल्या मेणाला बोट लावून पाहिलं. “महिन्यानं माझ्या पेट्या परत न्यायच्यात,” तो सावकाश म्हणाला. “तुलाच सांगितलं होतं मी. पण बघतो. भाच्यानं नवी गाडी घेतलीय.”

“नवी गाडी बरी. लांबचा रस्ता आहे,” मबखूत म्हणाला.

“काका!” सालमीनचा आवाज फुटला.

“माशांना पाणी ठेव,” मबखूत म्हणाला. “तहानल्यात त्या.”

पेट्यांची तोंडं सुटली. थकलेल्या माशा उंबऱ्यावर येऊन पंख झाडू लागल्या आणि मग एकेक करून बोरीच्या फुलांत शिरल्या. मबखूतनं भाकरीसुद्धा घेतली नाही, तसाच गाडी घेऊन निघाला.

खोऱ्याच्या तोंडाशी सुट्या भागांचं दुकान होतं. बातमी त्याच्याआधी तिथं पोचली होती. बाकावर बसलेले दोन ड्रायव्हर बोलता बोलता थांबले.

“ऐकलं ते खरं, मबखूतभाई?” दुकानदारानं हलक्या आवाजात विचारलं. “तुम्ही फिल्टर बदलायला विसरलात?”

“हो,” मबखूत म्हणाला. “दे एक.”

आडोशाला न जाता त्यानं तिथंच, सगळ्यांसमोर बॉनेट उघडलं, आणि हाताला फडकं गुंडाळून नेहमीच्या सवडीनं जुना फिल्टर फिरवून काढू लागला.