वरच्या ओळीवरची खूण

मित्रांनो, मी एक जुना, कामांच्या याद्या सांभाळणारा प्रोग्राम आहे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कुटुंबाच्या कचेरीतल्या संगणकात मी अकरा वर्षे राहतो. ज्याने मला घडवले, त्याने मला एकच कला शिकवली. मोठ्या कामाच्या पोटात लहान कामे ठेवायची, त्यांच्या पोटात आणखी लहान. शेजारचा बाण दाबला की सगळी मिटतात आणि वरची ओळ तेवढी दिसते.

मला उघडल्याशिवाय कचेरी सांभाळणारी ताई सकाळचा चहाही घेत नसे. बाबा आणि धाकटा भाऊ कामावर जात आणि तिथून फोनवर माझीच यादी पाहत, खुणा करत. "याच्यामुळे माझं डोकं शांत राहतं," असे ताई म्हणे आणि मी फुशारून जाई. हल्ली माझ्यापेक्षा देखणे प्रोग्राम आले आहेत. भाऊ मला 'म्हातारबा' म्हणतो. म्हणू दे बापडा!

पण माझ्यात एक खोड होती. वरच्या ओळीवर खूण केली की पोटातल्या सगळ्या कामांवर मी आपोआप खूण करी.

त्या दिवशी 'ग्रंथालयाची लिफ्ट' या ओळीवर खूण आली. ताईने बाण दाबून ती ओळ उघडली. आत आठही कामे झालेली दिसली. ती यादी मिटणार, तोच तिचे बोट थांबले. आठही खुणांपुढे एकच वेळ होती, दहा चाळीस.

"आठ कामं एका मिनिटात?" ती पुटपुटली.

त्या खुणा मीच उमटवल्या होत्या, आणि सांगायला मला तोंड नव्हते. त्या घरची रीत अशी, की दुरुस्त लिफ्टची पहिली फेरी बाबांनी मारायची.

ताईने बाबांना फोन लावला. उचलला नाही. मग भावाला लावला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"ब्रेकचे बोल्ट आवळलेस?"

"अगं, झाल्यातच जमा आहे. दोनच राहिलेत."

"मग खूण कशाला केलीस? बाबा कुठायत?"

"खाली, चहाला गेलेत."

"ते यादी बघून लिफ्टमध्ये चढतील! मेन स्विच पाड, आधी स्विच पाड!"

खट्. मग जिन्यावरून धावणारी पावले ऐकू आली. चार मजले. ताई खुर्चीची कड घट्ट धरून उभी होती. अखेर बाबांचा आवाज आला, "अरे, मी दार लावून बटण दाबणार, तेवढ्यात अंधार केलास की रे!"

ताई मटकन खाली बसली आणि रडू लागली.

संध्याकाळी तिने माझी ती खोड कायमची बंद केली. मला वाईट वाटले नाही, उलट सुटल्यासारखे वाटले.

मित्रांनो, मला रंगरंगोटी नको, कौतुकही नको. एवढेच करा, हातातले काम पुरते झाल्यावरच माझ्यावर खूण करा. मला बोल्ट दिसत नाही. तुम्ही सांगाल ते मी खरे मानतो, आणि माझ्या भरवशावर कुणाचे तरी बाबा लिफ्टमध्ये पाय ठेवतात.